कानापुढचा सांधा

सीएसएमटीहून पायी गाठता येणारं, सेंट जॉर्जेस हॉस्पिटलच्या आवारातलं शासकीय दंत महाविद्यालय घ्या, की मुंबई सेंट्रलचं नायर. तारा लावायला येणाऱ्यांची तक्रार बहुतेक ठरलेली: दात पुढे आहेत.

पण तपासणीची सुरुवात दातांपासून होतेच असं नाही. डॉक्टर दोन्ही कानांच्या पुढ्यात बोटं टेकवतात. “आ कर. आता हळू मीट.” बोटाखाली टक् करून काहीतरी सरकतं. मग पूर्ण आ करायला सांगून, पट्टी लावून वरच्या-खालच्या पुढच्या दातांमधलं अंतर मोजतात. साधारण 40 मिलिमीटर, म्हणजे स्वतःची तीन बोटं मावली, की तोंड पुरेसं उघडतंय.

तोंड उघडताना खालच्या जबड्याचं टोक आधी जागच्या जागी फिरतं, मग पुढे घसरतं. या सांध्यात, जबडा आणि कवटीच्या हाडांमध्ये, एक पातळ चकती असते. ती पुढे सटकलेली असेल, तर तोंड उघडताना जागेवर येते आणि टक् होतं. येईनाशी झाली की आवाज बंद होतो, अन् तोंडही अडतं. आवाज गेला म्हणून खूश होणारे इथेच फसतात.

तारांमुळे सांधा बिघडतो, असं घरोघरी ऐकू येतं. अभ्यासांतून तसं दिसलेलं नाही. तारांनी सांधा बरा होतो, हेही दिसलेलं नाही. जाहिरातीत मात्र हे कोण लिहिणार!

जास्त जपायचं ते जबड्याच्या ऑपरेशनमध्ये. खालचा जबडा लहान, चेहरा उभट, अशा तरुण मुलींमध्ये जबडा पुढे आणल्यावर कधीकधी सांध्याचं हाडच झिजू लागतं. हनुवटी हळूहळू मागे जाते, पुढचे दात एकमेकांना टेकेनासे होतात. दुखेलच असं नाही. वडापाव पुढच्या दातांनी तुटत नाही, तेव्हा कुठे लक्षात येतं.

म्हणून ऑपरेशनआधी हाडासाठी सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे, आणि गरज पडली तर चकतीसाठी एमआरआय. झीज चालू असेल, तर ती थांबेपर्यंत ऑपरेशन पुढे ढकललेलं बरं. लग्नाची तारीख धरून बसलेल्या घरात हे सांगणं सोपं नसतं.

ऑपरेशननंतरही निदान दोन वर्षं तपासणी हवी. विरार-पनवेलहून सुट्टी टाकून येणं जिवावर येतं, खरंय. पण जुन्या एक्स-रेशेजारी नवा ठेवल्याशिवाय सुरुवातीची झीज कळत नाही.