कपाटातला याशिका

[टेबलावर दोन लेन्सचा कॅमेरा. खिडकीबाहेर पाऊस.]

हा याशिका मॅट १२४जी. हे मॉडेल जपानमध्ये १९७० साली आलं. हा कॅमेरा एका तारवट्याच्या, म्हणजे जहाजावर नोकरी करणाऱ्याच्या, सामानातून डिचोलीत पोचला आणि पुढे वर्षानुवर्षं कपाटात राहिला, चामड्याच्या केसमध्ये, बटणं लावून. घरच्यांनी जपून ठेवला. तेच त्याला नडलं.

गोव्याच्या पावसाळ्यात चामडं ओल धरतं. आत अंधार, वारा नाही. लेन्सला बुरशी लागायला आणखी काय हवं?

[कॅमेरा दुरुस्त करणाऱ्या काकांच्या हातात लेन्स, मागे बल्ब.]

उजेडासमोर धरली की कोळिष्टकासारखे धागे दिसतात. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अमोनियाच्या मिश्रणाने पुसले की धागे जातात. पण बुरशीच्या आम्लाने काचेवरचा लेप खाल्ला असेल, तर तो डाग कायमचा. त्यावर टूथपेस्ट घासणाऱ्यांना काका सरळ हात जोडतात.

आता शटर, म्हणजे उजेड आत सोडणारी पाती. एक सेकंदावर लावून दाबलं. उघडलं, आणि उघडंच राहिलं.

[शटरचा आवाज.]

मंद वेगांसाठी आत बारीक दातेरी चाकांची गाडी असते. तिच्यातलं जुनं वंगण सुकून चिकट होतं आणि चाकं अडतात. इथे घरोघरी होणारा प्रकार म्हणजे वरून तेलाचा फवारा मारणं. दोन दिवस बरं चालतं. मग तेच तेल पात्यांवर पसरतं आणि पाती एकमेकांना चिकटतात. या शटरची पाती कोरडीच चालायला हवीत. म्हणून काका आधी नॅफ्थाने, म्हणजे लगेच उडून जाणाऱ्या द्रावकाने, सगळं धुतात. तेल नंतर, सुईच्या टोकाने, फक्त चाकांच्या आसांना.

स्क्रू काढताना घाई नाही. जपानी स्क्रूच्या फुलीत साधा फिलिप्स नीट बसत नाही, डोकं झिजतं. काकांकडे त्यासाठी वेगळे स्क्रूड्रायव्हर आहेत. ते कुणाला हात लावू देत नाहीत.

वेग तपासायला मोबाइल पुरतो. सेकंदाला २४० फ्रेम घेणाऱ्या व्हिडिओत १/३० सेकंदावर शटर साधारण आठ फ्रेम उघडं दिसलं पाहिजे. बारा दिसले, तर कॅमेरा पुन्हा उघडा.

उजेड आत शिरू नये म्हणून मागच्या झाकणाला लावलेला फोम हाताला डांबरासारखा लागतो. तो खरवडून नवा लावला. उजेड मोजणाऱ्या लाइट मीटरसाठी १.३५ व्होल्टचा पाऱ्याचा सेल लागायचा, तो आता मिळत नाही. १.५ चा अल्कलाइन घातला तर मीटर चुकू शकतो, म्हणून श्रवणयंत्राचा झिंक-एअर सेल. तो काही आठवड्यांत संपतो. इलाज नाही.

[कॅमेरा पुन्हा जोडलेला. मालक केस पुढे करतो.]

केस काका परत देतात. कॅमेरा ठेवायचा हवाबंद डब्यात, सिलिका जेलबरोबर, आणि महिन्यातून एकदा तरी सगळ्या वेगांवर शटर चालवायचं. १२० नंबरच्या फिल्मच्या रोलवर बारा फोटो येतात. पहिले बारा नुसते तपासणीचे, प्रत्येक वेग वहीत लिहून.

मालकाच्या भाचीचं लग्न पुढच्या आठवड्यात आहे. काका म्हणतात, तिथे दुसरा कॅमेरा न्या.