बिलाला नंबर कशाला लागतोय ओ?

नमस्कार. वाचनालयाच्या मंडळींनी सांगितलं की 24 डिसेंबरला ग्राहक दिन असतो, तर तासभर काहीतरी बोला. आता मी काय वक्ता नव्हे, मी बेळगावच्या रविवार पेठेतल्या दुकानदारांची खाती लिहिणारा माणूस, महिन्याच्या महिन्याला जीएसटीचे रिटर्न भरतो आणि दुकानदारांच्या शिव्या खातो. भाषण मला जमत नाही, बिल मात्र जमतंय. बिलावर काय लागतं आणि काय लागत नाही हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. म्हणून म्हटलं आज बिलावरच बोलूया.

दिवाळीच्या आधीची गोष्ट. एका मोठ्या एसी दुकानात गेलो होतो, नाव घेत नाही, सगळीकडं हेच चालू आहे त्यामुळं एकाला धरून उपयोग नाही. दोन बनियन आणि एक टॉवेल, 640 रुपये, खिशात रोख होती ती काढून हातात धरली. काउंटरवरची पोरगी माझ्याकडं न बघताच कन्नडमध्ये म्हणाली, "नंबर हेळ्री सर," म्हणजे नंबर सांगा. मी म्हटलं कशाला गे? मग मराठीत आली, "बिलाला लागतंय सर." मी म्हटलं मी बिलंच करतो, बिलाला लागत नाही. तर म्हणाली, "सिस्टिम पुढं जात नाही सर, नंबर टाकल्याशिवाय." आणि मागं लाइन. माझ्या लगेच मागं चंदगडकडचं एक कुटुंब, लग्नाचा बस्ता काढायला आलेलं, दोन ट्रॉल्या भरून कपडे, बारकं पोर रडालंय, आणि त्यातला एक जण मला म्हणतो, "द्या की ओ मामा, एक नंबर तर द्यायचाय, त्यात काय एवढं." सगळी लाइन माझ्याकडं बघतेय, जसं काय मीच त्यांची एसटी चुकवणार.

मी गप्प उभा राहिलो. त्या पोरीनं डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं, सुपरवायझर लांब होता, आणि नऊचं बटण दाबत गेली, टक टक टक, दहा वेळा. बिल बाहेर आलं. हे बघा, अजून खिशात आहे, शाई उडत चाललीय खरं वाचता येतंय, मोबाईलच्या पुढं दहा नऊ. आता मला सांगा, सिस्टिम पुढं गेली की नाही?

म्हणजे नंबर बिलाला लागत नव्हता. तो कुठनं निघतो माहिती आहे का, तो आपल्या भिडेतनं निघतो. मागं लाइन आहे, पोरगी बिचारी विचारतेय, एवढ्यासाठी कुठं वाद घालायचा, आपण काय अडाणी आहोत का, असं सगळं त्या चार सेकंदांत डोक्यात येतं आणि आपण घडाघडा दहा आकडे बोलून टाकतो, ते पण मोठ्यानं, म्हणजे लाइनीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं. आपल्यात म्हणतातच, भीड भिकेची बहीण. आणि विचारायची जागा पण बघा कशी निवडलीय, दारात नाही, कपडे बघताना नाही, तर अगदी शेवटी, पिशवी भरून झाल्यावर, पैसे हातात काढल्यावर. तिथं नको म्हणून माघारी फिरणारा माणूस मी तर बघितला नाही.

आता कायद्यानं काय लागतं ते सांगतो, हे माझं रोजचं काम आहे. जीएसटीचा नियम 46, बिल कसं असावं त्याचा. गिऱ्हाईक जीएसटी नंबर नसलेलं असेल आणि माल 50,000 रुपये किंवा त्याहून जास्तीचा असेल तर बिलावर नाव आणि पत्ता लागतो. त्याच्या खाली असेल तर गिऱ्हाइकानं मागितलं तरच घालायचं. नाव, पत्ता. मोबाईल नंबर त्यात कुठंच नाही, वर पण नाही खाली पण नाही. सोनाराकडं 2 लाखाच्या वर खरेदी केलीत तर पॅन मागतील, तो द्यायलाच पाहिजे, तिथं सोनाराशी भांडू नका. मेडिकलमध्ये एच वन यादीतली औषधं असतात, काही अँटिबायोटिक, काही झोपेच्या गोळ्या, त्यांची वेगळी वही ठेवावी लागते, डॉक्टरचं नाव, पत्ता, पेशंटचं नाव, औषध किती दिलं, आणि ती वही 3 वर्षं जपावी लागते. ते पण बरोबर आहे. खरं बनियनची वही कुठल्याच कायद्यात नाही.

आणि हे मी एकटाच म्हणत नाही. 2023 च्या मे महिन्यात दिल्लीच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या, ग्राहक व्यवहार खात्यानं दुकानदारांच्या संघटनांना कळवलं होतं की मोबाईल नंबर दिल्याशिवाय माल देणार नाही, बिल करणार नाही, असा हट्ट धरणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं पण अनुचित आहे आणि गिऱ्हाइकानं विश्वासानं दिलेली खासगी माहिती दुसऱ्याला देणं पण अनुचित आहे. आता ते कळवून किती दिवस झाले आणि काउंटरवर काय फरक पडला ते तुम्हीच बघताय.

मग त्यांना नंबर एवढा हवा कशाला? आमच्या शेजारची पोरगी अशाच एका दुकानात काउंटरला आहे, तिला विचारलं. ती म्हणाली काका, शंभर बिलांतली किती बिलं नंबर घालून केली ते रोज संध्याकाळी बघतात, कमी पडलं की सगळ्यांसमोर विचारतात. त्यामुळं त्या पोरींवर ओरडू नका, मी त्या दिवशी थोडा चढ्या आवाजात बोललो ते मला नंतर बरं वाटलं नाही. तिचं पगारपत्रक तिच्या हातात नाही आणि ती सिस्टिम पण तिनं बनवलेली नाही.

वरच्या लोकांना नंबर लागतो कारण नंबर म्हणजे किल्ली झालीय. नाव दहा जणांचं सारखं असतंय, आमच्या गल्लीतच एकाच नावाचे तिघं आहेत. पत्ता बदलतो. खरं नंबर माणूस बदलत नाही, कारण बँक त्याला जोडलेली, आधार त्याला, गॅस त्याला, व्हॉट्सअ‍ॅप तर आहेच. मग एका दुकानातलं तुमचं बिल आणि दुसऱ्या दुकानातलं बिल यांची गाठ मारायची तर हा एक आकडा पुरतो. आणि आणखी एक करतात, दुकानवाले त्यांच्याकडच्या नंबरांची यादी जाहिरात दाखवणाऱ्या मोठ्या कंपन्यांकडं चढवतात, तिथं ते आकडे कुलूपबंद करून तुमच्या अकाउंटशी जुळवतात, आणि मग तुम्ही मोबाईल उघडला की त्याच टॉवेलचा भाऊ समोर हजर. लोक म्हणतात फोन आपलं बोलणं ऐकतोय. अहो ऐकायची गरजच काय, तुम्ही स्वतः काउंटरवर सांगून आलाय की.

कोणीतरी म्हणेल, पूर्वीच्या दुकानदाराला तर आपलं सगळंच माहिती असायचं. खरंय. गणपत गल्लीत माझे वडील ज्यांच्याकडनं किराणा भरायचे त्यांना आमच्या घरात किती माणसं, कोण आजारी, बहिणीचं लग्न कधी, दोन महिने उधारी का थकली, सगळं ठाऊक. आम्हाला पण त्यांचं सगळं ठाऊक होतं की, त्यांचा कुठला मुलगा दुकानात बसत नाही आणि का बसत नाही ते. हिशेब सारखा होता. आणि ती उधारीची वही दुकानातनं कधी बाहेर गेली नाही, वही संपली की माळ्यावर, नंतर उंदराच्या पोटात. आता जी वही आहे तिला उंदीर लागत नाही.

मेडिकलचं तर जास्त अवघड आहे. आईच्या शुगरच्या गोळ्या मी आणतो, दर महिन्याला. तिथं नंबर सांगितला की 10 टक्के सूट, गोळ्या महाग, म्हणून मी पण सांगायचो, खोटं कशाला बोलू. वर्षभरात माझ्या मोबाईलवर काय काय यायला लागलं, शुगर तपासणीचं पॅकेज, डायबेटिसवाल्यांसाठी विमा, पायाला मुंग्या येतात का म्हणून तेल. मला शुगर नाही. आता हे त्या मेडिकलवाल्याकडूनच बाहेर गेलं असं मी शपथेवर सांगणार नाही, मला सिद्ध करता येत नाही, खरं आईचं दुखणं माझ्या नंबरावर कुठनं चिकटलं हे पण मला कोणी सांगू शकत नाही. उद्या मी स्वतःसाठी विमा काढायला गेलो तर, हा विचार मनात येतोच. तेव्हापासनं तिथं नंबर बंद. महिन्याला शंभरेक रुपये जास्त जातात. जातात तर जातात.

आता ओटीपीबद्दल थोडं, कारण इथं बऱ्याच वयस्कर मंडळी आहेत. काउंटरवर म्हणतात, "एक मेसेज आला असेल बघा, चार आकडे सांगा, बिल मोबाईलवर येतंय." तुम्ही चष्मा शोधता, मेसेज शोधता, तीच पोरगी तुमचा मोबाईल हातात घेऊन आकडे बघते आणि टाकते. तो ओटीपी पुष्कळदा बिलाचा नसतोय, त्यांच्या मेंबरशिपचा असतोय, म्हणजे आमच्या अटी मान्य आहेत म्हणून तुम्ही अंगठा उठवला. आजोबांच्या काळी सावकाराच्या कागदावर अंगठा उठवताना निदान कोणीतरी कागद वाचून तरी दाखवायचा.

वाचून दाखवण्यावरनं आठवलं. 2017 च्या 24 ऑगस्टला सुप्रीम कोर्टाच्या 9 न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सांगितलं, तो दावा ज्यांच्या नावानं ओळखतात ते न्यायमूर्ती पुट्टस्वामी आपल्याच कर्नाटक हायकोर्टाचे निवृत्त न्यायाधीश. त्यानंतर सहा वर्षांनी, 2023 ला, डिजिटल माहिती संरक्षणाचा कायदा झाला, त्याचे नियम यायला 2025 चा नोव्हेंबर उजाडला, आणि दुकानदाराला बांधणारा मुख्य भाग त्या नियमांनंतर 18 महिन्यांनी लागू होणार, अशी सगळी आपली गती. दंड 250 कोटीपर्यंत आहे, ऐकायला बरं वाटतं, खरं तो सरकारच्या तिजोरीत जाणार, तुमच्या खिशात एक रुपया येणार नाही.

त्या कायद्यात एक गोष्ट आहे जी आपल्या बेळगावकरांनी वाचायलाच पाहिजे. माहिती कशाला घेतो ते सांगणारी सूचना गिऱ्हाइकाला इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या कुठल्याही भाषेत बघायची सोय द्यायला पाहिजे. त्या 22 भाषा आहेत, त्यात मराठी पण आहे, कन्नड पण आहे, आणि खानापूरच्या खालच्या अंगाला बोलतात ती कोकणी पण आहे. आपण दुकानाच्या पाटीवर कुठली भाषा वर आणि कुठली खाली यावर किती वर्षं भांडतोय, किती मोर्चे, किती केसी, ते मी सांगायला नको. आणि आत काउंटरवर जिथं आपली संमती घेतात तिथं साडेतीन इंचाच्या स्क्रीनवर बारीक इंग्रजी, त्यावर दोन्हीकडच्या कोणाचा आवाज नाही. कन्नडवाला पण गप्प, मराठीवाला पण गप्प, दोघं पण ओटीपी सांगून मोकळे. असली एकी आपल्यात दुसरीकडं कुठं दिसत नाही.

त्याच कायद्यात मेडिकलचं एक उदाहरण दिलंय. एक बाई मेडिकलमध्ये खरेदी करते, आपणहून नंबर देते आणि पैसे मिळाल्याचा मेसेज पाठवा म्हणते. तर दुकानदारानं तो नंबर पावती पाठवायला वापरावा. संपलं. तेल विकायला नव्हे.

मग करायचं काय? मी तर सरळ "नंबर नाही देत, कागदाचं बिल द्या" म्हणतो आणि गप्प उभा राहतो. कारण सांगत बसत नाही, कारण सांगायला लागलं की वाद होतो. बहुतेक ठिकाणी चालतं. वॉशिंग मशिनसारखी वॉरंटीची वस्तू असेल तर नंबर देतो, तिथं मलाच उद्या गरज पडणार. फारच अडवलं तर ग्राहक हेल्पलाइन 1915. जाहिरातीचे फोन बंद करायला 1909, थोडा फरक पडतो, पूर्ण नाही.

एक करू नका, दुसऱ्याचा नंबर ठोकून देऊ नका. आमच्यातला एक जण मोठ्या हुशारीनं शेवटचा आकडा बदलून सांगायचा, मी म्हटलं अगा, तो नंबर पण कुणाचा तरी असणार की, येळ्ळूरच्या कुठल्या तरी म्हातारीला तुझ्या बुटांच्या ऑफर जाताहेत. आणि आपली माहिती देताना दुसऱ्याचं सोंग घेऊ नये असं त्या नव्या कायद्यात गिऱ्हाइकावर पण बंधन आहे, दंड 10,000 रुपयांपर्यंत. त्यापेक्षा सरळ नाही म्हणणं स्वस्त पडतं.

एवढंच होतं माझं. काही विचारायचं असलं तर विचारा.

(मागच्या रांगेतल्या एका बाईंनी विचारलं, नंबर देणं बंद केलं तर दुकानात आतापर्यंत जमलेले पॉइंट बुडणार का?)

बुडणार अक्का. किती आहेत? तीनशे चाळीस? त्याचे किती रुपये होतात ते एकदा काउंटरवर विचारून या, मग रडायचं का नाही ते ठरवू.

(कोपऱ्यात बसलेला कॉलेजचा एक मुलगा उठला. म्हणाला, सर, आत येताना दारात रजिस्टरमध्ये सही केली, त्यात नावापुढं मोबाईल नंबरचा रकाना होता, तो कशाला? सगळे हसले. कार्यवाह म्हणाले, रजिस्टर पहिल्यापासनं तसंच छापून येतं, नंबरांचं आम्ही काही करत नाही.)

नाही नाही, हसू नका, बरोबर विचारलं त्यानं. मी पण लिहून आलोय. अकरावं नाव माझं आहे बघा, पूर्ण दहा आकडे, सुवाच्य अक्षरात. काय करणार, मागं लाइन होती.