पान्याची पकड आणि पुढचं लचांड

(दंतवैद्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

संयोजकांनी पत्रिकेवर ‘इम्प्लांट कनेक्शनचा विकास’ असं भारदस्त नाव छापलंय. साध्या भाषेत, हाडात बसवलेलं टायटॅनियमचं मूळ आणि वरचा दात यांच्यातला सांधा. वेळ पाऊण तासाचा, त्यातला बराचसा माझा परिचय करून देण्यात गेला. परिचय छान होता, तक्रार नाही. समोर सगळे दातवालेच आहेत, त्यामुळे हाड टायटॅनियमला का धरतं इथपासून सुरुवात करत नाही. माझं म्हणणं एवढंच, की बाहेरचा हेक्स, म्हणजे इम्प्लांटच्या डोक्यावरचा षटकोनी उंचवटा, दात धरून ठेवायला केलेलाच नव्हता. ती पाना लावायची जागा होती.

1965 साली स्वीडिश संशोधक ब्रोनेमार्कनी गोथेनबर्गला गॉस्टा लार्सन या पेशंटच्या खालच्या जबड्यात चार इम्प्लांट बसवले. लार्सन 2006 मध्ये वारले, तोवर त्यांनी ते वापरले. तेव्हाचा पेशंट म्हणजे तोंडात दात नाहीत आणि कवळीला कंटाळलेला. चार-सहा इम्प्लांट, वर एकसंध ब्रिज. इम्प्लांटच्या डोक्यावर जेमतेम 0.7 मिलिमीटर उंचीचा षटकोन असायचा, तो कशासाठी? हाडात फिरवून बसवताना पकड मिळावी म्हणून. इम्प्लांट बसला, षटकोनाचं काम संपलं. वरचं सगळं एकमेकांना जोडलेलं असल्यावर गोल फिरणार तरी काय?

पुढे आपल्याला एकेकटा दात लावायची हौस आली. एकटा दात फिरतो. त्याला अडवायला हाताशी काय होतं? तोच षटकोन. कढई चुलीवरून उतरवायला कान असतो. आपण त्या कानाला भरलेली कढई टांगली आणि वर ‘स्क्रू सैल का होतो’ म्हणून परिषदा भरवल्या. दाढेवर आडवा जोर आला की एवढासा हेक्स काय पेलणार? सगळं, दात इम्प्लांटला आवळून धरणाऱ्या स्क्रूच्या गळ्यात. मग स्क्रूची धातू बदला, ठरावीक जोरानेच आवळणारा पाना, म्हणजे टॉर्क रेंच, आणा. आवळलेला स्क्रू किंचित ताणला जातो आणि तो ताणच इम्प्लांट आणि दात यांना जोडणाऱ्या तुकड्याला, म्हणजे अ‍ॅबटमेंटला दाबून धरतो, म्हणून 35 न्यूटन-सेंटिमीटरला आवळा, दहा मिनिटं थांबा, पुन्हा आवळा. ती दहा मिनिटं इथे कितीजण थांबतात? हात वर नका करू, राहू द्या.

मागे एक निवृत्त काका आले. ‘डॉक्टर, दाढ जिभेने गोल फिरवता येते,’ म्हणाले, आणि फिरवून दाखवली. चेहऱ्यावर कौतुक! इम्प्लांट मुलाकडे परदेशी गेले असताना बसवलेला. इम्प्लांटच्या कंपनी-मापाचं कार्ड मागितलं, तर ‘कार्ड कसलं? पैसे भरल्याची पावती आहे ना!’ पावतीवर रक्कम होती, कंपनीचं नाव नव्हतं. एक्स-रेवर इम्प्लांटच्या डोक्यावरचा बारीक उंचवटा दिसला, म्हणजे बाहेरचा हेक्स. पण कोणाचा? त्याच्या नकला जगभर झाल्यात. आपल्या ग्रुपवर एक्स-रे टाकला. प्रत्येकाने वेगळी कंपनी सांगितली, आणि एकाने गुड मॉर्निंगचं फूल पाठवलं.

मग स्क्रूवर भरलेलं कॅपमधलं कॉम्पोझिट उकरलं, त्याखालचं टेफ्लॉन काढलं आणि स्क्रू सोडवायला ड्रायव्हरचा खण उपसला. इथे माझं डोकं फिरतं. एकाचा ड्रायव्हर 1.22 मिलिमीटरचा, दुसऱ्याचा 1.27. अहो, पाच शतांश मिलिमीटर! लहान ड्रायव्हर मोठ्या खाचेत घालून जोर केलात की स्क्रूचं डोकं आतून गुळगुळीत होतं, मग बसा ड्रिल घेऊन. तिसऱ्याचा चौकोनी, चौथ्याचा चांदणीच्या आकाराचा. या फरकाने पेशंटचं काय भलं होतं, ते एकाही सेल्समनने मला अजून सांगितलेलं नाही. चहा मात्र पिऊन जातात. काकांचा स्क्रू शेवटी 1.22 ने सुटला. तोवर ते आ वासून झोपी गेले होते. असा पेशंट नशिबाने मिळतो. स्क्रू शाबूत होता, अ‍ॅबटमेंटच्या आतले हेक्सचे कोपरे झिजले होते.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं राहिलीत. म्हणजे ज्यासाठी बोलावलं ते आता सांगायला हवं.

ऐंशीच्या दशकात अमेरिकेत दंतवैद्य निझ्निकनी षटकोन बाहेरून काढून इम्प्लांटच्या पोटात घातला, 1.7 मिलिमीटर खोल. जोर भिंतींवर गेला, स्क्रूच्या गळ्यातलं ओझं उतरलं. बदल्यात भिंत पातळ झाली, आणि बारीक इम्प्लांटला ते महागात पडू शकतं. पुढे कोणी अष्टकोन केला, कोणी तीन पाकळ्या.

दुसरी वाट शंकूची. मूळ कल्पना 1860 च्या दशकातल्या स्टीफन मोर्सची, ड्रिल यंत्रात घट्ट बसावं म्हणून केलेली. इम्प्लांटवर काम करणाऱ्या स्विस आयटीआय गटवाल्यांनी 8 अंशांचा शंकू घेतला, स्वीडनच्या अ‍ॅस्ट्रा कंपनीने 11 अंशांचा. बायकॉनने दीड अंशाचा घेतला आणि स्क्रूच काढून टाकला, ठोकून बसवतात. शंकूत भिंत भिंतीला घट्ट धरते, म्हणून हालचाल कमी, फट कमी, जंतूंची ये-जा कमी. कमी म्हणतोय, बंद नाही.

राहिलं प्लॅटफॉर्म स्विचिंग, म्हणजे रुंद इम्प्लांटवर त्याहून अरुंद जोडतुकडा लावणं. तेही ठरवून झालेलं नाही. 1991 च्या सुमारास एका कंपनीचे रुंद इम्प्लांट बाजारात आले, त्यांच्या मापाचे अ‍ॅबटमेंट नव्हते, म्हणून लोकांनी 4.1 मिलिमीटरचेच लावले. पुढच्या एक्स-रेमध्ये काठाचं हाड अपेक्षेपेक्षा कमी झिजलेलं दिसलं. लझारा आणि पोर्टर या संशोधकांनी ते 2006 मध्ये व्यवस्थित मांडलं. तेव्हाची टंचाई आज कॅटलॉगमध्ये वैशिष्ट्य म्हणून छापली जाते.

आता प्रश्न विचारा. ‘कुठल्या कंपनीचा घेऊ?’ एवढा सोडून.