हवेतली खोली आणि मातीतली खोली

मंडळी, नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय ‘मेटल डिटेक्टरच्या शोधकॉइल : एक तुलनात्मक विचार’. हे भारदस्त नाव संयोजकांचं. मी फक्त म्हटलं होतं, कॉइलवर बोलतो, म्हणजे यंत्राच्या दांड्याच्या टोकाला असते त्या गोल थाळीवर. चाळीस मिनिटं दिलीत, त्यातली सात दीपप्रज्वलनात गेली. काडेपेटी सापडत नव्हती, आणि माझं यंत्र काडेपेटी शोधत नाही.

मला लोक पहिला प्रश्न एकच विचारतात : ‘काका, तुमच्या मशिनची खोली किती?’ नागपुरात एवढ्या आपुलकीनं खोली फक्त भाडेकरू विचारतो. आणि दुसरा प्रश्न, जरा आवाज खाली घेऊन : ‘सोनं किती फुटांवरून दाखवते?’ एकानं तर अमावास्या चालेल का म्हणून विचारलं. त्याला मी 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा सांगितला, त्यानं फोन ठेवला. गुप्तधनवाल्यांसाठी एकदाच सांगतो. 1878 पासून कायदा आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचं पुरलेलं धन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. संरक्षित स्मारकाच्या हद्दीत तर यंत्र नेऊच नका, तिथे खोदायला परवाना लागतो. आपला छंद हरवलेल्या अंगठ्यांचा आणि किल्ल्यांचा. ज्यांना हे ऐकून निराशा झाली, त्यांच्यासाठी बाहेर चहा आहे.

आता माझं म्हणणं. यंत्राच्या डब्याला आपण हजारो रुपये मोजतो, पण जमिनीशी बोलते ती कॉइल. डबा फक्त दुभाषा. आणि आपल्या भागातल्या मातीत कॉइल जितकी मोठी तितकी चांगली, हा समज साफ चुकीचा आहे. हे मी पुस्तकातून नाही, काटोलकडच्या एका संत्र्याच्या बागेत शिकलो.

बाग माझ्या मेहुण्याची. मृग बहाराची तोड चालू होती. घरात नवी सून आलेली, हौसेनं तोडीला गेली आणि साखरपुड्याची अंगठी बागेत पडली. सून काही बोलत नव्हती, सासू बोलत होती. मेहुण्याचा मला फोन : ‘भाऊजी, मशिन घेऊन या, आणि मोठीवाली कॉइल आणा.’ मोठीवाली म्हणजे पंधरा इंची. तीही त्यानंच मला घ्यायला लावलेली. परातीएवढी कॉइल! दुकानदारानं टेबलावर मोजपट्टी ठेवून, नाणं वर वर नेत आम्हाला तिची खोली दाखवली होती. नाणं हवेत, कॉइल हवेत, मेहुणाही हवेत. हवेतली खोली म्हणजे स्थळ पाहायला आलेल्या मुलाचा पगार. खोटा नसतो, पण हातात तेवढा येत नाही.

बागेत उतरलो आणि यंत्र बोंबलायला लागलं. थांबेचना. दर पावलाला सिग्नल. खिळा, बाइंडिंग वायरचा तुकडा, गोळ्यांची रिकामी पाकिटं, शीतपेयाची झाकणं, आणि औषधाच्या बाटलीच्या तोंडावरची ती अॅल्युमिनियमची चकती. ती चकती कोणी खिशात ठेवत नाही, जिथे बाटली फोडली तिथेच पडते. फवारणी किती झाली ते मला कृषी खात्यापेक्षा चांगलं कळलं. शिवाय मातीचा स्वतःचा आवाज वेगळाच. त्यात परातीएवढी कॉइल झाडाच्या आळ्यात फिरवायची, तर ती खोडावर आपटते, ठिबकच्या नळीत अडकते. तासाभरात खांदा गेला.

दुपारपर्यंत गावात बातमी : ‘शहरातून साहेब आलेत, गुप्तधन काढतात.’ बांधावर पंधरा-वीस माणसं. एका आजोबांनी नारळ आणि लिंबू आणून ठेवलं. मी म्हटलं, आजोबा, सुनेची अंगठी आहे. ते म्हणाले, ‘हाव ना, असंच म्हणा लागते.’ मग पोलीस पाटील आले. त्यांना यंत्र समजावून सांगण्यात अर्धा तास गेला. शेवटी त्यांनीच कॉइल हातात घेतली आणि स्वतःच्या बुटाचा खिळा शोधला. फार खूश झाले. संध्याकाळी माझ्या पिशवीत पाऊण किलो भंगार होतं, अंगठी नव्हती, आणि मेहुण्याची बायको चहा देताना कपाकडे बघत होती, माझ्याकडे नाही.

रात्री घरी येऊन सहा इंची डीडी कॉइल काढली. डीडी म्हणजे काय ते पुढे सांगतो. ताटलीएवढी. दुसऱ्या दिवशी सकाळी, उन्हाआधी, पुन्हा त्याच ओळीत. तिसऱ्याच झाडाखाली आधी लोखंडाची कुरकुर आली आणि तिच्या अगदी शेजारून एक स्वच्छ, गोल आवाज. चार बोटं माती उकरली. खिळा होता, आणि वीतभर अंतरावर अंगठी. म्हणजे आदल्या दिवशी मी त्या अंगठीवरून परात फिरवून पुढे गेलो होतो. मोठ्या कॉइलला खिळा आणि अंगठी एकाच वेळी दिसत होती, आणि दोघांची मिळून तिला लोखंडासारखी खिचडी ऐकू येत होती. छोटीनं त्यांना वेगळं केलं. सासूबाईंनी मला दोन पेट्या संत्री दिली. नारळ आजोबा परत घेऊन गेले.

जाता जाता एक. अंगठी सोन्याची होती हे नशीब, पण त्याहून मोठं नशीब की ती अखंड वळं होती. बंद वळ्यात कॉइलच्या चुंबकीय क्षेत्रामुळे प्रवाह गोल फिरतो आणि जोरकस उत्तर येतं. तेच वळं एका जागी तुटलेलं असेल तर उत्तर एकदम क्षीण. जोडवी बोटात बसावीत म्हणून बऱ्याचदा तोंड उघडं ठेवतात, म्हणून हरवलेलं जोडवं शोधणं फार जिकिरीचं. बारीक साखळीचंही तसंच, यंत्राला प्रत्येक कडी सुटी दिसते. आणि आपला सध्याचा रुपया? चुंबकाला चिकटणाऱ्या स्टेनलेस स्टीलचा. यंत्राला लोखंड वगळायला सांगितलं की बहुतेक वेळा रुपयाही वगळला जातो. सरकारी नाणं, पण यंत्राच्या लेखी खिळा.

चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटं उरलीत म्हणे. यानंतर इथे भजनी मंडळ आहे. हरकत नाही, ज्यासाठी बोलावलं ते आता पळत पळत सांगतो.

कॉइलच्या पोटात दोन वेटोळी असतात, एक बोलणारं आणि एक ऐकणारं. ती अशी बसवतात की धातू नसताना ऐकणाऱ्याला बोलणारं ऐकूच येत नाही. ही युक्ती जुनी आहे. टेलिफोनवाल्या बेलनं 1881 साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांच्या अंगातली गोळी याच तत्त्वावर शोधून पाहिली होती. सापडली नाही. पलंगाच्या स्प्रिंगा मध्ये आल्या असं सांगतात, आणि डॉक्टरांनी त्याला फक्त उजवी बाजू तपासू दिली, गोळी होती डावीकडे. म्हणजे खिळ्यांचा त्रास मेहुण्याच्या बागेतच सुरू झाला असं नाही.

आता प्रकार. कॉन्सेंट्रिकमध्ये मोठ्या वर्तुळात छोटं वर्तुळ. तिची नजर उलट्या शंकूसारखी, खाली जाताना निमुळती होते. म्हणून प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यावर अर्धा चढवावा लागतो, नाहीतर मधली माती सुटते. वस्तू नेमकी कुठे आहे ते मात्र ती छान सांगते, बरोबर मधोमध. डीडीमध्ये इंग्रजी डी अक्षराची दोन वेटोळी एकमेकांवर थोडी चढलेली. तिची नजर चढलेल्या पट्टीतून सुरीच्या पात्यासारखी सरळ खाली जाते. एका वेळी कमी माती दिसते, म्हणून मातीचा गोंगाट कमी.

आणि आपल्याकडे हाच कळीचा मुद्दा. नागपूर भूगर्भाच्या शिवेवर आहे. पश्चिमेला काटोल, कळमेश्वर, हिंगणा हा काळ्या दगडाचा, दख्खन ट्रॅपचा पट्टा, आणि पूर्वेला भंडाऱ्याकडे जुने नीस खडक. काळ्या दगडात मॅग्नेटाइटचे कण असतात, ते झिजून मातीत उतरतात. जुन्या स्पीकरचा चुंबक कोरड्या मातीत फिरवा, मिशीसारखे काळे कण चिकटतील. ते कण यंत्राला धातूसारखी हूल देतात. म्हणून पश्चिमेला डीडी आणि लहान. पूर्वेच्या फिक्या, शांत मातीत कॉन्सेंट्रिक वापरून बघायला हरकत नाही.

आकार. नाण्याएवढ्या वस्तूला मधल्या आकाराच्या कॉइलनं ढोबळमानानं तिच्या व्यासाएवढी खोली धरा, तीही माती शांत असेल तर. पण व्यास दुप्पट केला म्हणून नाण्याची खोली दुप्पट होत नाही. कॉइलपासून लांब गेलं की क्षेत्र अंतराच्या घनानं क्षीण होतं, आणि वस्तूचं उत्तर परत येतानाही तसंच. म्हणजे अंतर दुप्पट झालं की सिग्नल चौसष्टावा हिस्सा. पंधरा इंची कॉइल जमिनीत गाडलेल्या डब्याला, लोखंडी पाइपाला चांगली. बारीक अंगठीला ती उलट बहिरी होते. रोजच्या वापराला नऊ ते अकरा इंची डीडी, आणि कचऱ्याच्या जागी सहा इंची. एवढ्या दोन असल्या की पुरे.

मोनो कॉइल राहिली. ती पल्स यंत्रावर चालते, एकच वेटोळं आधी बोलतं मग ऐकतं. तापट, म्हणजे असा गोंगाट करणाऱ्या मातीत ती दमदार असते, पण लोखंड ओळखण्यात कच्ची. आपल्या बागेत तिच्यामागे खड्डे खणत बसाल.

आणि केबल! कॉइलची केबल दांड्याला घट्ट गुंडाळा. सैल राहिली की हलते आणि खोटे सिग्नल येतात. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्यांचं निम्मं दुखणं तिथेच असतं. घोटाभर ओल्या गवतातून कॉइल फिरवताना गवतावर आपटू नका, जमिनीला समांतर ठेवा, फेऱ्याच्या शेवटी वर उचलू नका.

भजनी मंडळाची पेटी आत आली वाटतं. बरं, ज्यांना बघायचं आहे त्यांनी मागच्या टेबलाशी या. एका कुंडीत माझ्या मेहुण्याच्या बागेचीच माती आहे, तिच्यात एक अखंड पितळी वळं पुरलंय आणि एक कापलेलं. कुठलं कुठे ते मी सांगणार नाही. येताना मोबाइल खुर्चीवर ठेवून या.