पात्र हलतं तेव्हा मॉडेल कळतं

पडद्यावरचं हे थ्रीडी पात्र सरळ उभं आहे तोवर देखणं दिसतं. आता त्याचं कोपर वाकवू. आतली कातडी एकमेकींत घुसली, बाहेरचं टोक चपटं झालं. अॅनिमेटर कितीही तयारीचा असला तरी हा दोष त्याला झाकता येणार नाही, कारण तो मॉडेलमध्येच आहे.

थ्रीडी पात्राची कातडी म्हणजे बिंदू जोडून केलेली जाळी. स्कल्प्टिंगमध्ये, म्हणजे संगणकावर मातीसारखा आकार घडवताना, ती लाखो पॉलिगॉनची, म्हणजे लहान लहान बहुभुजांची, होते. इतकी दाट जाळी पात्र हलवणाऱ्या आतल्या डिजिटल सांगाड्यावर बसवून हलवणं अवघड, म्हणून तिच्यावर काही हजार चौकोनांची नवी जाळी बसवतात. हे रीटोपोलॉजी. रेंडरच्या वेळी, म्हणजे अंतिम चित्र तयार होताना, सबडिव्हिजन प्रत्येक चौकोनाचे तुकडे करून ही जाळी गुळगुळीत करतं. प्रत्येक पातळीला चौकोन चौपट होतात: १०,०००चे ४०,०००, पुढे १,६०,०००. इथे त्रिकोण राहिला असेल तर गालावर लहानसा खड्डा किंवा उंचवटा चमकतो.

कोपर आणि गुडघ्यात किमान तीन लूप, म्हणजे जाळीतल्या कडांची सलग वेढी, हवेत. खांदा जास्त त्रास देतो. हात आडवे पसरून मॉडेल केलं, तर हात खाली आल्यावर खांद्याचा आकार बिघडतो, आणि बहुतेक दृश्यांत हात खालीच असतात. म्हणून पुष्कळ मॉडेलर हात साधारण ४५ अंश खाली ठेवतात.

खरी परीक्षा चेहऱ्याची. डोळे आणि ओठांभोवतीचे लूप स्नायूंसारखे गोल फिरायला हवेत. जिथे पाच कडा एका बिंदूत मिळतात, ती जागा ओठांच्या कोपऱ्यात आली की प्रत्येक हसण्यात विचित्र घडी पडते; तो बिंदू कमी ताणल्या जाणाऱ्या भागात सरकवावा. पापणीला जाडी नसेल तर ती कागदासारखी दिसते. शिवाय उघड्या डोळ्यापासून मिटलेल्या डोळ्यापर्यंत ब्लेंडशेपमधला (एका आकारातून दुसऱ्या आकारात नेण्याच्या पद्धतीतला) प्रत्येक बिंदू सरळ रेषेत जातो, डोळ्याचा गोळा मात्र गोल! मधेच पापणी त्या गोळ्यात शिरते. उपाय म्हणजे अर्ध्या मिटलेल्या पापणीचा वेगळा आकार.

सगळ्या हावभावांच्या मॉडेलमध्ये बिंदूंची संख्या आणि क्रम तंतोतंत सारखा लागतो. हावभाव तयार झाल्यावर कुणी ‘फक्त एक लूप’ वाढवला, की क्रम बदलतो आणि हसरा चेहरा काट्याकुट्यांचा गोळा होतो. त्यामुळे हावभावांना हात घालण्याआधीच मूळ जाळी पक्की करून ठेवावी लागते.

जाळी पक्की आहे का हे ठरवण्यासाठी टेक्श्चरची, म्हणजे वरच्या रंग-पोताची, वाट पाहू नये. रंग दोष लपवतात. साध्या करड्या मॉडेलला कच्चा सांगाडा लावा. उकिडवं बसवा, हात डोक्यावर न्या, तोंड पूर्ण उघडा. दात, जीभ आणि तोंडाची आतली पोकळी बनवायची राहिली असेल, तर ते याच वेळी लक्षात येतं.