ओळ मोडल्यावर बटणं कुठं जातात

नमस्कार मंडळी, फोंड्यात स्क्रीनवर बटणांची ओळ मोडण्याच्या या विषयाला एवढी मुलं आली म्हणून फार बरं वाटलं. थेट उदाहरणच घेऊया. एका ॲपमध्ये गोव्यातले 12 तालुके फिल्टरची बटणं म्हणून लावायचेत. केपे, सांगे ही एवढीशी नावं, आणि तिथंच धारबांदोडा. लॅपटॉपवर सगळी एका रांगेत बसतात, पण मोबाईलवर उघडलं की शेवटचं काणकोण स्क्रीनच्या बाहेर, म्हणजे तिथल्या माणसाला स्वतःचा तालुकाच सापडत नाही. मला हे खरंच खटकतं.

असं होतं कारण फ्लेक्सबॉक्स, म्हणजे वेबपानावर वस्तू रांगेत लावायची सीएसएसमधली सोय, मुळात नोरॅप असतो, म्हणजे तुम्ही काही सांगितलं नाही तर ओळ मोडायचीच नाही. ब्राउझर बटणं आक्रसून बघतो, पण आतला सगळ्यात लांब शब्द मावेल त्यापेक्षा बारीक करत नाही, आणि धारबांदोडा तर मधे तुटत नाही, मग रांग बाहेर सांडते. फ्लटरमध्ये, म्हणजे ॲप बनवायच्या एका साधनात, रो म्हणजे आडवी रांग अशी सांडली की डीबग करताना कडेला पिवळे-काळे पट्टे येतात, तिथं त्यासाठी रॅप नावाचं वेगळं विजेटच, म्हणजे तयार भागच, आहे.

आता फ्लेक्सबॉक्सला रॅप लावलं, म्हणजे ओळ मोडू दिली, की काय होतं ते नीट बघा, कारण सगळा गोंधळ इथंच होतो. ब्राउझर आधी ओळी पाडतो, प्रत्येक बटणाला मुळात किती रुंदी हवी ते बघून, आणि उरलेली जागा नंतर वाटतो, तीही प्रत्येक ओळीत वेगवेगळी. वरच्या ओळीला खालच्या ओळीचं काही देणंघेणं नसतं. म्हणून स्पेस-बिटवीन, म्हणजे उरलेली जागा बटणांच्या मधे वाटणं, लावलं आणि शेवटच्या ओळीत सांगे, काणकोण दोघंच उरले की एक या टोकाला, एक त्या टोकाला. फ्लेक्स-ग्रो 1 दिलं, म्हणजे बटणांना उरलेल्या जागेत पसरू दिलं, आणि एकटंच बटण उरलं तर ते अख्ख्या रुंदीभर पसरतं. माझं मत स्पष्ट आहे, अशा बटणांना सुरुवातीला चिकटवा, 8 पिक्सेलचा गॅप द्या, बास. वरखाली रकाने जुळायलाच हवे असतील तर सरळ ग्रिड, म्हणजे ओळी-रकान्यांची मांडणी, घ्या, ऑटो-फिल (मावतील तेवढे रकाने) आणि मिनमॅक्स (रकान्याची कमीत कमी आणि जास्तीत जास्त रुंदी) लावून. तिथं ऑटो-फिट टाकलं तर रिकामे रकाने मिटतात आणि सर्चनंतर दोनच तालुके उरले तरी तेच ताणले जातात.

अलाइन-आयटम्स आणि अलाइन-कंटेंट यांचीही गल्लत होते. पहिलं एका ओळीतल्या बटणांची वरखाली मांडणी ठरवतं, दुसरं ओळी एकमेकींपासून कुठं बसतील ते ठरवतं, आणि कंटेनरला, म्हणजे बटणांभोवतीच्या चौकटीला, जास्तीची उंची नसेल तर दुसऱ्याचा परिणाम दिसतच नाही. आयटम्स मुळात स्ट्रेच, म्हणजे ओळीच्या उंचीएवढे ताणलेले, असतात, त्यामुळं एका बटणात मजकूर दोन ओळींचा झाला की शेजारचीही उगाच उंच होतात. नावाशेजारी बारीक अक्षरात आकडा असेल तर बटणाच्या आत सेंटर नको, बेसलाइन लावा, म्हणजे दोन्हींची अक्षरं एकाच रेषेवर बसतात. आणि उंची फिक्स करू नका हो, डिचोलीची वेलांटी नाहीतर मुरगावचा उकार कापला जातो.

वेब अपंगांसकट सगळ्यांना वापरता यावं म्हणून केलेल्या डब्ल्यूसीएजी या नियमावलीच्या 2.1 आवृत्तीत, 2018 साली, रिफ्लोचा नियम आला, 320 पिक्सेल रुंदीत आडवं स्क्रोल न करता मजकूर वाचता आला पाहिजे. 1280 रुंदीची विंडो 400 टक्के झूम केली की तेवढीच रुंदी उरते, सो टेस्टिंगला फोनसुद्धा लागत नाही.

एक राहिलंच. रॅप-रिव्हर्स (ओळी उलट्या क्रमानं लावणं) किंवा ऑर्डर (बटणाला क्रमांक देणं) वापरून बटणं दिसायला पुढंमागं होतात, पण कीबोर्डवर टॅब दाबत जाणारा माणूस मूळ क्रमानंच फिरतो, त्याचा फोकस, म्हणजे निवडलेल्या बटणाची खूण, स्क्रीनभर उड्या मारत राहतो. म्हणून क्रम बदलायचा तर एचटीएमएलमध्येच बदला.