टॅपन झी: टोलसाठी रुंद पाण्यावर उभा राहिलेला पूल

१५ जानेवारी २०१९, न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेला हडसन नदी. काठावर थंडीत कुडकुडत लोक मोबाईल धरून उभे, आणि हा बघा, एका दणक्यात, पाडायला काढलेल्या जुन्या टॅपन झी पुलाचा पूर्वेकडचा सांगाडा पाण्यात बसला.

आता वरून नदी बघा. पूलच जवळपास ५ किलोमीटर लांब होता. दक्षिणेला पात्र अरुंद होतं, मग इतक्या रुंद जागी पूल का? टोलमुळे! स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्यापासून साधारण २५ मैलांच्या आत पोर्ट ऑथॉरिटीची, म्हणजे न्यूयॉर्क-न्यू जर्सीची बंदरं आणि पूल सांभाळणाऱ्या संस्थेची हद्द, तिथे पूल बांधला तर टोल त्यांचा, आणि न्यूयॉर्क राज्याचे गव्हर्नर थॉमस ड्यूईंना तो पैसा नव्या थ्रूवेसाठी, म्हणजे राज्याच्या टोल महामार्गासाठी हवा होता, म्हणून पूल हद्दीच्या जरासा बाहेर नेला.

आणि खाली नुसता गाळ, खडक शेकडो फूट खोल. इंजिनिअर एमिल प्रेगर यांनी दुसऱ्या महायुद्धात फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या किनाऱ्यासाठी तरंगत नेता येणाऱ्या काँक्रीटच्या पेट्यांवर काम केलं होतं, तीच युक्ती इथे वापरली. मातीच्या जुन्या खाणीत आठ पोकळ पेट्या बांधल्या, खाणीत पाणी सोडलं, पेट्या तरंगल्या, टगबोटींनी ओढत आणल्या आणि इथे बुडवून बसवल्या. आत हवा असल्याने मधल्या मोठ्या भागाचा बराचसा भार पाणीच वर ढकलून धरायचं. म्हणजे नदीनेच पूल उचलून धरला होता हो, आणि हे सांगायलाच आम्ही हा व्हिडिओ केला.

१५ डिसेंबर १९५५ ला पूल सुरू झाला, टोल ५० सेंट. कोरियन युद्धाच्या काळात साहित्याची टंचाई, त्यामुळे काटकसर, कडेला थांबायला जागाच नाही, एक गाडी बंद पडली की मागे रांगच रांग. शेवटी रोज १ लाख ३८ हजारांच्या आसपास गाड्या जायच्या, स्लॅबला भोकं पडायची. ५० वर्षांसाठीच बांधलेला म्हणून लोकांनी नावं ठेवली, पण तो ६२ वर्षं चालला की!

शेजारी हे तिरके खांब दिसतायत ना, ४१९ फूट उंच, असे आठ. नवा पूल, पहिली बाजू २०१७ ला, दुसरी २०१८ ला सुरू झाली. नाव मारिओ कुओमो पूल, राज्याच्या एका माजी गव्हर्नरांवरून. खर्च जवळपास ४ अब्ज डॉलर, टोलही वाढला.

आणि हा शेवटचा शॉट, बार्ज, म्हणजे माल वाहणारी सपाट बोट. जुन्या पुलाचं काँक्रीट लाँग आयलंडजवळच्या समुद्रात सोडलं, माशांना आसरा म्हणून.